शेवटी ळ पाहिजे

भाचीची मुलगी तेव्हा जेमतेम आठवड्याची होती. कांदिवलीचा फ्लॅट, बेडरूमच्या खिडक्या गच्च बंद, एसीला सक्त मनाई, ओव्याच्या धुरीने डोळे चुरचुरतायत आणि पलंगाच्या कडेला स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू. बाळ मस्त झोपलेलं, घाम आम्हाला. चहा उकळेपर्यंत भाची म्हणाली, नाव फायनल झालंय, ओंजळ. मला एकदम आवडलं, मी म्हणाले पण तसं. विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, मूळच्या गोरखपूरकडच्या पण लग्न होऊन मुंबईत आल्या त्याला जमाना झाला, त्या लाडाने पुढे वाकून म्हणाल्या, "ओंजल? मेरी ओंजल?" जावई म्हणाला, मम्मी, ल नहीं, ळ. त्या म्हणाल्या, "ओंजड़". मग "ओंजर". तोवर घरातली सगळी तरणी पोरं त्यांच्याभोवती गोळा, जीभ मागे वळवा, वर टेकवा, आता सोडा, ळ, ळ, आणि कुणीतरी मोबाईल काढून शूटिंगपण सुरू केलं. सगळे हसत होते, त्याही हसत होत्या. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "हमसे नहीं होगा भाई." त्यानंतर मी तिथे होते तोवर त्यांनी बाळाला फक्त गुड़िया म्हटलं. नाव काही परत घेतलं नाही.

परत येताना ट्रेनमध्ये तेच डोक्यात घोळत राहिलं. सख्ख्या नातीचं नाव आजीला घेता येणार नाही, हे बरं दिसतं का? आणि दुसरीकडून बघितलं तर भाचीचंही काही चुकत नव्हतं.

तिने ग्रुपवर टाकलेला मेसेज असा होता, "मुलगी आहे, नावं सुचवा, अट एकच, शेवटी ळ पाहिजे." कारण विचारलं तर म्हणाली, घरात अर्धा वेळ हिंदी, शाळेत इंग्रजी, खाली गार्डनमध्ये जे काय मिक्स चालतं ते, मग निदान नावात तरी असं एक अक्षर असू दे की जे घ्यायला मराठी जीभ लागते. झालं, सगळा ग्रुप कामाला लागला. आणि ळ ने संपणारे शब्द आठवायला बसलं की कळतं हे अक्षर किती उपद्व्यापी आहे ते. गोंधळ, भेसळ, चंगळ, खळबळ, दुष्काळ. पोटाच्या तक्रारी तर जवळपास सगळ्या ह्याच्याच खात्यात, मळमळ, जळजळ, आणि कळ तर आहेच. आमचा एक काका, ज्याला रिटायर झाल्यापासून ग्रुपशिवाय दुसरं काम नाही, त्याने लगेच टाकलं, वादळ ठेवा, घरात तसंही आलेलंच आहे. मग हळूहळू चांगली नावं यायला लागली. प्रांजळ, निर्मळ, सोज्वळ, पण ही वाचताना प्रगतिपुस्तकातला शेरा वाचल्यासारखं वाटतं. मृणाळ. प्रवाळ. दरवळ, हे कुणीतरी रात्री बाराला टाकलं आणि सकाळी डिलीट केलं, का ते माहीत नाही, मला तर छान वाटलं होतं. हिरवळ सोसायटीच्या नावासारखं आहे म्हणून बाद. वेल्हाळ किती सुंदर, पण एकीने लिहिलं की शाळेत पोरं व्हेल म्हणून चिडवतील, ते पण पटलं. माझं मत नितळला होतं. त्यावर भाचीची जाऊ म्हणाली, मुलगा वाटतोय.

ते मुलगा वाटणं मात्र विचार करण्यासारखं आहे. आपल्या कानाला मुलीचं नाव आ वर नाहीतर ई वर संपलेलं लागतं. सुनीता, अनिता, संगीता, मग वैशाली, रुपाली, सोनाली, मग तेजश्री, भाग्यश्री, एकेका काळात एकेका शेपटाची लाट येते आणि वर्गात हाक मारली की चार मुली मागे बघतात. आता रा चं चाललंय, मायरा, कियारा, समायरा. व्यंजनावर थांबणाऱ्या मुली पण होत्याच की, कुसुम, सुमन, कुमुद, शीतल, काजल. पण आजच्या आईबापांना त्यातली अर्धी नावं आजीची वाटतात आणि उरलेली पार्लरची. ळ वर थांबणारी तर औषधाला नाही.

राशीचा प्रश्न काकाने सोडवला, म्हणजे त्याच्या मते सोडवला. बाळाचं नक्षत्र रोहिणी, आणि पंचांगातल्या अवकहडा चक्रात रोहिणीच्या चार चरणांना अक्षरं आहेत ओ, वा, वी, वू. म्हणजे ओंजळ बसतं, आणि काकाने परत एकदा नमूद केलं की वादळपण बसतं. हे चक्र एकदा नीट वाचून बघा, फार मजा आहे. आर्द्राला कू, घ, ङ, छ. आता ङ वरून मुलीचं नाव कुठून आणायचं? हस्ताला ष, ण आणि ठ आहेत, उत्तराभाद्रपदेला झ बरोबर ञ पण आहे. असल्या चरणावर जन्मलेल्यांचे आईबाप गुपचूप शेजारचं अक्षर घेतात आणि भटजीही चालवून घेतात. म्हणजे उच्चारता येत नाही त्या ङ आणि ञ ला आकाशात जागा आहे, पण सत्तावीस नक्षत्रांच्या एकशे आठ चरणांत ळ कुठेच नाही. असणार तरी कसा, मराठीत ळ ने शब्दच सुरू होत नाही. बिचाऱ्याला नावात शिरायचं तर मधून नाहीतर मागच्या दाराने.

माझ्या आईच्या नावात तो मागच्या दाराने आला होता आणि पुढच्या दाराने गेला. तिचं माहेरचं नाव कमळ. आजोबांच्या कार्डांवर शेवटपर्यंत "चि. कमळ हीस अनेक आशीर्वाद" असंच असायचं, निळ्या शाईत, ळ चे दोन्ही डोळे गोल गरगरीत. शाळेत घालताना मास्तरांनी रजिस्टरला कमल लिहिलं, तेव्हा ते जास्त शुद्ध समजलं जायचं म्हणे. त्या पिढीत हे सर्रास झालेलं दिसतं, घरातल्या विमळा, निर्मळा, कमळा दाखल्यावर विमला, निर्मला, कमला झाल्या. मंजुळा तेवढी टिकली. मग लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं, माधवी, आणि कमळ पण गेली आणि कमल पण गेली. गेली म्हणजे कागदावरून गेली. आमच्या परळच्या घरी फोन आला तेव्हा तो पॅसेजमधल्या स्टुलावर असायचा आणि उचलायचं काम माझं. पलीकडून "माधवी आहे का" आलं की सासरचं कुणीतरी, "कमल मॅडम" आलं की तिच्या शिवणक्लासची एक जुनी मैत्रीण जी शाळेपासूनची होती, आणि "ए, कमळीला दे" आलं की मामा. आई पण उठून यायची ती वेगवेगळी. माधवी असेल तर पदर नीट करत. कमळी असेल तर पिठाचे हात तसेच.

मी कमळी म्हणून हाक मारलेली तिला एकदाही चालली नाही बरं का.

तर परळ. आमचं स्टेशनच ळ ने संपणारं. मराठीत परळ, हिंदीत परेल, इंग्रजीत तर विचारूच नका, आणि गाडीत एकामागून एक तिन्ही भाषांत ऐकत ऐकत आम्ही मोठे झालो. कुर्ल्याच्या टर्मिनसवर मराठीत लोकमान्य टिळक लिहिलंय आणि हिंदीत लोकमान्य तिलक. विहीणबाई दर मे महिन्यात गावी जातात त्या तिथूनच, तिलकवरून. मुंबईत एकच नाव दिवसभरात किती तोंडांतून जातं याचा हिशेब नाही, स्कूलव्हॅनवाले भैया, क्लासची टीचर, कुरियरवाला, वॉचमन. म्हणूनच तर मायरा नि कियारा एवढ्या झाल्यात, कुठल्याही तोंडाला अडत नाहीत, उद्या पोरगी कॅनडाला गेली तरी अडणार नाहीत. मी आधी ह्या नावांना नाकं मुरडायचे, पण आईबापांचा विचार कळतो. ती नावं अजून न भेटलेल्या लोकांसाठी ठेवलेली असतात. भाचीला नेमकं उलट पाहिजे होतं.

आणि ळ ची अडचण दरवेळी आपल्याला वाटते तिथेच येते असंही नाही. बाळंतपणाच्या वेळी वॉर्डात केरळची नर्स होती, तिने पाळण्यावरचं कार्ड बघून आपणहून विचारलं नाव काय ठेवणार आणि ओंजळ ऐकून पहिल्या फटक्यात बरोब्बर म्हटलं. का नाही म्हणणार, तिच्या मलयाळममध्ये ळ आहे आणि त्याच्याहून अवघड एक भाऊबंदही आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन तर रोज लिफ्टपाशी "मळीशुं" म्हणून जातात, त्यांना काय नवल. कन्नड, तेलुगू, तमिळ, कोकणी, ओडिया, राजस्थानी, सगळ्यांकडे ळ आहे. त्यामुळे हे अक्षर फक्त आपलंच असल्याची जी कॉलर टाइट करतात लोक, त्यात फारसा दम नाही.

त्याहून मोठी गंमत घरातच आहे. मुंबईत मराठीपणाची परीक्षा घ्यायची तर लोक हमखास ळ म्हणायला लावतात. काळबादेवी म्हण, वरळी म्हण. पण मुंबईच्या मूळ माणसांच्या, कोळ्यांच्या बोलीत ळ नाहीच. ते स्वतःला कोली म्हणतात. डोळा म्हणजे डोला, काळा म्हणजे काला, नारळी पौर्णिमा म्हणजे नारली पुनव. आगऱ्यांचंही तेच. वरळी कोळीवाड्यातून एक मावशी आमच्या चाळीत मासे घेऊन यायची, डोक्यावर टोपली, गुडघ्यापर्यंत ओढून नेसलेलं लुगडं, नाकात भलीमोठी नथ, आणि जिन्याखालून हाक, "ओ कमलबाय, पापलेट हाय ताजा." ती आईला कमलबाय म्हणायची कारण कधीतरी मामाला कमळी म्हणताना तिने ऐकलं होतं आणि तिला माधवीपेक्षा ते बरं वाटलं. म्हणजे मास्तरांनी शुद्ध करायला ल केला, हिने आपल्या बोलीत ल केला, उच्चार एकच झाला आणि आईला एक डाचायचा, दुसरा नाही. तिकडे वऱ्हाडात आणि खानदेशात जा, ळ चा य होतो, डोया, काया. ओंजळ नावाची मुलगी विदर्भात गेली तर आजीच्या वयाची एखादी बाई तिला ओंजय म्हणणार, आणि ती बाई माझ्याएवढीच मराठी. मग विहीणबाईंच्या ओंजलला आपण का हसायचं? खुद्द ती पोरगी बोलायला लागेल तेव्हा पहिली दोनतीन वर्षं स्वतःचं नाव ओंजलच सांगणार आहे, पैज लावा. लहान पोरांना ळ लवकर येतच नाही, बाळाला बाळ म्हणता येत नाही.

हे सगळं मी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, मग काय, नाव बदलू म्हणतेस? मी म्हटलं अजिबात नको. ळ राहू दे. फक्त म्हणून दाखवा, म्हणून दाखवा हे बंद करा. ज्याच्या तोंडात जसं येईल तसं येऊ दे, नाव काय एवढ्याने झिजत नाही. तिला ते पूर्ण पटलं असं नाही, ती म्हणाली की आज आजी, उद्या टीचर, परवा सगळे, आणि पोरगी मोठी होऊन स्वतःच ओंजल लिहायला लागेल, मग मी एवढं कशाला केलं. ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईचं तर तेच झालं होतं ना.

पुढच्या वेळी गेले तेव्हा विहीणबाई किचनमध्ये एकट्या होत्या, सुंठीचा लाडू वळत. मीच विषय काढला. त्यांना म्हटलं गुड़ म्हणा. म्हणाल्या. त्यातला ड़ आहे ना, तो बरोबर त्याच जागी आहे, जीभ तिथेच जाते, फक्त तुम्ही आपटून लगेच काढता, आम्ही हवा जिभेच्या बाजूंनी सोडतो. आमच्या गूळमधला ळ तो हाच. खरंतर हे नातं फार जुनं आहे, ऋग्वेदाची सुरुवातच अग्निमीळे अशी होते, तिथला मूळ धातू ईड्, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडला की वेदात ड चा ळ होतो. हे वेदाचं त्यांना सांगितलं नाही, लाडू वळताना कुठे वेद. त्या आपल्या गुड़, गुड़ करत होत्या. मधेच एक बऱ्यापैकी ळ पडला, आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि पुढचा परत ड़. मग त्या हात पुसून म्हणाल्या, दीदी, आप मेरा नाम बोलिए. मी म्हटलं, ज्ञानवती. तसं मला माहीत होतंच, लग्नाच्या पत्रिकेत होतं. त्या खो खो हसल्या. "देखिए. द्न्यानवती. हम तो ग्यानवती हैं."

मी चाटच पडले. ज्ञ आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य म्हणतात, समोरच्या बेनच्या गुजरातीत ग्न, हे काय मला माहीत नव्हतं? पण एका माणसाच्या नावात ते कधी धरूनच बघितलं नव्हतं. त्या सांगत होत्या, लग्न होऊन आल्या तेव्हा चाळीतल्या बायका द्न्यानवतीताई अशी हाक मारायच्या आणि ह्यांना वाटायचं दुसऱ्या कुणाला बोलावतायत. रेशनच्या दुकानात नंबर गेला एकदा, आपलंच नाव पुकारतायत हे कळलंच नाही म्हणून. मग सवय झाली. बँकेत मात्र सगळं इंग्रजीत, जी-वाय ने सुरू, त्यामुळे तिथला मराठी कारकूनपण त्यांना बरोबर ग्यानवती म्हणतो. जी लिपी आमच्या ळ चा एल करून टाकते तीच ह्यांचं नाव सांभाळून आहे, घ्या. कढईतला गूळ कडेला चिकटायला लागला होता, तो उलथन्याने सोडवत त्या म्हणाल्या, "अब तो कोई ग्यानवती बोले ना, तो लगता है मायके से फोन है."

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. घुगऱ्या, पेढे, पाळण्याला झेंडूच्या माळा, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या, सगळं रीतसर. आत्या म्हणजे त्यांच्याकडची बुआ, लखनऊहून आलेली, तिला कुर्रर्र करायला शिकवलं तर तिने बाळाच्या कानात एवढ्या जोरात केलं की बाळ दचकून रडायला लागलं आणि बायकांनी तिच्या पाठीत घातलेले धपाटे तिला वाटले त्याचीच शिक्षा आहे. तिचा नेग मात्र तिने चोख वसूल केला, बुआचा मान दोन्हीकडे सारखाच. नावं आपल्यात तशी चार ठेवायची पद्धत आहेच, देवाचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहारातलं, त्यामुळे विहीणबाईंनी आपलं एक ठेवलं त्याला कुणाची हरकत नव्हती. व्यवहाराचं ओंजळ.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली होतीच, नावाचा रकाना रिकामा ठेवून. नाव वर्षभरात फुकट घालता येतं, नंतर फी लागते. पण २०२३ च्या ऑक्टोबरपासून जन्माचा दाखला शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे चालतो, तेव्हा एकदा चढलेलं नाव चढलं, म्हणून आता घाई करायची नाही असं ठरलं आणि स्पेलिंगवरून आठवडा गेला. जावयाच्या एका अंकशास्त्रवाल्या काकांना मध्ये एक ए जास्त पाहिजे होता. एल एक की दोन यावर पण दोन पक्ष पडले, जणू दोन एल लिहिले की ळ ऐकू येणार आहे. शेवटी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, कारण मराठी टायपिंग येणारी मी एकटी. ल जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबलं की ळ, एकच बटण, जावई बघतच राहिला, तो इतका वेळ चिन्हांच्या यादीत शोधत होता. नावानंतर आता आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना हा क्रम आहे आपल्याकडे. माझ्या कुठल्याच कागदावर ना कमळ आहे ना माधवी. भाचीचं नाव टाइप केलं तर ती म्हणाली थांब, मला ह्यात माहेरचं आडनावपण घालता येईल का ते बघ ना, आणि जावई काही न बोलता चहा टाकायला उठला.